अम्मीचा हात



लहानपणी मी राजुऱ्याला वसतिगृहात राहून शिकलो. अम्मी कोरपन्याहून भेटायला यायची. खुशाली विचारण्याआधी ती सदऱ्याखाली हात घालून माझ्या बरगड्या चाचपायची. म्हणायची, "अच्छा है तो तू बोलेंगाच!"

काही वर्षांपूर्वी तो हात आठवला. एका निवासी संस्थेत मुलांची आबाळ होते, अशी तक्रार होती. चौकशीला गेलेल्यांसोबत गावकरी म्हणून मीही गेलो. अंगण झाडलेलं, भिंतीवर आहाराचा तक्ता, नोंदवही पूर्ण. अधीक्षक शेजारीच उभे. मुलं एका सुरात म्हणाली, "जेवन चांगलं भेटते जी."

डॉक्टरांनी वजनाची वही मागितली. तीन महिने प्रत्येकाचं वजन तेच, पाव किलोचाही फरक नाही! वजनकाटा कोठीत पोत्यांमागे सापडला. मुलांना काट्यावर उभं केलं, तर वहीतला आकडा जुळेना. मग अधीक्षकांना बाहेर बसवलं. सोबतच्या शिक्षिकेनं कोलामीत विचारलं, तेव्हा कुठे पाणीदार वरणाची गोष्ट निघाली.

सगळ्याच मुलांना असं सांगता येत नाही. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या कवडासला मतिमंद मुलांचं वसतिगृह होतं. तिथे पाच मुलं कुपोषणानं दगावल्याची बातमी २०१० मध्ये छापून आली. मुंबई उच्च न्यायालयानं त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. पुढे डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं राज्यातल्या अशा संस्था तपासल्या. एक बातमी आली, म्हणून इतकी दारं उघडली.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बालगृहांची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. पथकात किमान तिघं. त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेतच. अहवाल आठवड्याभरात द्यायचा. डॉक्टर कशासाठी, हे मला त्या काट्यापाशी कळलं. वही वाचणारे पुष्कळ असतात, अंग वाचणाराही कुणीतरी लागतो.

आमच्या चौकशीनंतर वरण सुधारलं. पण तक्रार कुणी केली, याचा संस्थेनं शोध घेतला आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचं काम गेलं. तेव्हा मी गप्प राहिलो. मुलांचं तर भलं झालं, अशी स्वतःची समजूत घातली. ते आज कबूल करतो.

श्रोतेहो, शंका आली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फिरवा. आणि तुमच्या गावात अशी तक्रार कुणी केलीच, तर त्या माणसाची चूल पेटते आहे ना, तेही बघा.