एसीतील बुरशी कोणाची?



ह्या व्यासपीठावर थोर विषय होतात. मी बुरशीवर बोलणार आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या डिपॉझिटचा आणि त्याच्या पोरांच्या छातीचा तो विषय आहे, म्हणून मला तो लहान वाटत नाही.

पूर्वी आमच्या कामगाराला एसी ठाऊक होता तो साहेबाच्या केबिनमधला. आज नवराबायको दोघे कमावतात, पुण्याठाण्यात अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतात, आणि भिंतीवर मालकाचा एसी आयताच असतो. पावसाळ्यात त्यातून कुबट वास येऊ लागतो, पट्ट्यांवर काळे ठिपके दिसतात. मालक म्हणतो, तुम्ही साफ ठेवला नाहीत. राहणारा म्हणतो, यंत्र तुमचे.

कारखान्यात अपघात झाला की आम्ही चौकशी यंत्रापासून सुरू करा म्हणतो, माणसापासून नव्हे. येथेही तसेच करू. एसीच्या आत गार नळ्यांचे जाळे असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसे दमट हवेतले पाणी त्या नळ्यांवर धरते, खालच्या ट्रेमध्ये ठिबकते आणि पाइपवाटे बाहेर जाते. बुरशीला ओल हवी आणि खायला धूळ हवी. धूळ अडविणारी जाळी पंधरा दिवसांनी धुणे हे राहणाऱ्याचे काम आहे. पाच मिनिटांचे आहे, आणि ते न करता मालकाशी भांडू नये. बंद करण्यापूर्वी थोडा वेळ नुसता पंखा चालविला तर आतली ओलही सुकते. परंतु पाइपचा उतारच उलटा बसविला असेल, ट्रे फुटला असेल, भिंतीतून पाणी झिरपत असेल, तर रोज जाळी धुऊनही बुरशी येणारच. तेथे राहणाऱ्याचा हात पोचत नाही. ते काम मालकाचे.

राहणीला दोष देऊन मोकळे होण्याचा परिणाम इंग्लंडात दिसला. तेथे एसीचा नव्हे, घरातल्या बुरशीचा प्रश्न होता. रॉचडेल गावी एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. बापाने तक्रार केली होती. बोट ठेवले गेले ते कुटुंबाच्या राहणीवर. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशीत बुरशी हेच कारण ठरले. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून तेथील सामाजिक गृहसंस्थांना लागू झाला. गंभीर ओल-बुरशीची तपासणी आता त्यांना कामाच्या दहा दिवसांत करावी लागते.

आपल्याकडे बुरशीसाठी असा खास कायदा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ मात्र आहे. उलट करार नसेल तर जागा दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य, आणि जागेत तिला बसविलेल्या जोडण्याही येतात. रीतसर नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा. वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत.

पण थांबा. हे कलम भाडेकरूसाठी आहे, आणि अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स'वाला कायद्याच्या लेखी सहसा भाडेकरूच नव्हे! आमचे सभासद हे ऐकून चकित होतात. त्याचा आधार करारनामा. त्यात बहुधा 'किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी' असे एक निरुपद्रवी वाक्य असते, आणि ट्रे, पाइप, गॅस सगळे त्या 'किरकोळ'मध्ये ढकलले जाते. वाटाघाटीत ढिला शब्द सोडू नये, हे आम्ही युनियनवाले पगाराच्या करारांतून शिकलो. जाळी आमची, बाकीचे यंत्र आणि भिंत तुमची, असे सहीपूर्वी लिहून घ्या.

ताबा घेताना एसी उघडून आतले फोटो काढा आणि मालकाला त्याच दिवशी पाठवा. वास आला तर तोंडी नको, लेखी कळवा. आणि करार नोंदलेलाच नसेल तर घाबरू नका. कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे; नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.