तुडतुडे, औषधे आणि औषधांचे गट

गोंदिया जिल्ह्यात धानपीक निसवण्याच्या सुमारास बांधीत गोलाकार करपलेले चट्टे दिसू लागले की तपकिरी तुडतुड्यांचा हल्ला झाला असे समजावे. शेतकरी कृषी सेवा केंद्राकडे धाव घेतो, बहुधा उधारीवर. फवारणी होते, आणि आठवड्याने तुडतुडे जसेच्या तसे! औषध बनावट असल्याचा संशय येतो. क्वचित तो खराही असतो. परंतु पुष्कळदा कारण निराळे असते. एकच विष वारंवार वापरले की त्याला दाद न देणारे मोजके कीटक तेवढे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच निपजते. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत आशियातील भातशेतीत २००० नंतरच्या दशकात हेच घडले.

यात उत्पादकांचेही नुकसानच. म्हणून १९८४ मध्ये एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन केली. औषध किडीला कसे मारते, त्यावरून तिने औषधांचे क्रमांकित गट पाडले. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम यांची नावे वेगळी, गट मात्र एकच, ४-ए. तेव्हा बाटली बदलली म्हणजे औषध बदलले असे नव्हे. बुप्रोफेझिन १६ व्या गटातले, पायमेट्रोझिन ९-बी मधले.

फवारणीपूर्वी चुडाच्या बुंध्याशी वाकून पाहावे, बांधीतील पाणी काढावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड तर टाळावेच. त्याने कोळी मरतात व तुडतुडे उलट वाढतात. हंगामात गावात कोणत्या गटाचे औषध केव्हा फवारले गेले, याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवता येईल; ती लिहिण्यास शिक्षकांचे साहाय्य घ्यावे.