स्वकीयांवरच उगारलेले शस्त्र : ल्युपस



रोगप्रतिकारशक्ती ही देहाची रक्षणकर्ती. परंतु रक्षकालाच आप-पर भेद कळेनासा झाला तर? ‘ल्युपस’ या व्याधीत नेमके हेच घडते. तिच्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्याही बहुधा ऐन तारुण्यातील.

रक्तातील बी-पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. त्या घडताना जनुकांची जुळणी यदृच्छेने होते. त्यामुळे स्वतःच्याच देहाला परके मानणाऱ्या काही पेशी प्रत्येकात निपजतात. निरोगी माणसात अस्थिमज्जेतच त्यांची छाननी होते. निसटलेल्यांना आवर घालणाऱ्या यंत्रणाही असतात. त्यांपैकी नियामक टी-पेशींवरील संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक लाभले.

ल्युपसमध्ये हा पहारा ढिला पडतो. देहात दररोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष तत्काळ उचलले जातात. ही सफाई रेंगाळली, की पेशीकेंद्रात दडलेले डीएनए व आरएनए उघड्यावर पडतात. सफाईस साह्य करणारे ‘सी-वन-क्यू’ हे प्रथिन जन्मतः नसलेल्या बहुतेकांना ल्युपस होतो, हा याचा सबळ पुरावा होय. हे अवशेष टीएलआर-७ सारख्या ग्राहींना विषाणूप्रमाणे भासतात. मग इंटरफेरॉन स्रवते, बी-पेशी चेतवल्या जातात आणि टी-पेशींच्या साह्याने स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. प्रतिपिंड व डीएनए यांची संयुगे पुन्हा इंटरफेरॉन वाढवितात. तीच मूत्रपिंडात साचून दाह निर्माण करतात.

हा घात एका दिवसात होत नाही. अमेरिकी सैन्याच्या साठविलेल्या रक्तनमुन्यांवरील २००३ च्या अभ्यासात १३० पैकी ११५ रुग्णांत निदानापूर्वीच स्वतःच्याच देहाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. काहींत तर नऊ वर्षे आधी.

म्हणून घरातील कन्येचे वा सुनेचे सांधे वारंवार दुखत असतील, उन्हाने गालांवर लाली उमटत असेल, लघवीला फेस येत असेल, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये. वैद्यकीय तपासणी करावी. केवळ एएनए चाचणी सकारात्मक आली म्हणजे ल्युपस झालाच, असेही नव्हे. बरे वाटू लागताच हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखे औषध आपल्या मनाने बंद करू नये. हा रोग संसर्गजन्य नाही. त्यात त्या मुलीचा काही दोषही नाही. तेव्हा तिला बोल न लावता आधार देणे, हेच कुटुंबाचे कर्तव्य होय.