मूत्रपिंडरोपण आणि एक विदुषी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहात बसविता येते, हे आज आपण सर्वजण जाणतो. परंतु हे कार्य केवळ शल्यवैद्याच्या कौशल्याने साधलेले नाही. परका अवयव आत येताच शरीर त्यास शत्रू मानून नष्ट करू पाहते. १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले रोपण टिकले, ते दाता व रुग्ण एकरूप जुळे बंधू होते म्हणून. इतर रुग्णांसाठी शरीराच्या या प्रतिकारास आवर घालणारे औषध हवे होते. ॲझाथायोप्रिन नावाचे ते औषध गर्ट्रूड एलियन या विदुषीने जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासह सिद्ध केले. आणि त्याच्याच आधारे १९६२ साली मरे यांनी नात्याबाहेरच्या व्यक्तीचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसविले.

एलियनबाईंचा जन्म १९१८ साली न्यूयॉर्क येथे झाला. १९२९ च्या आर्थिक कोसळीत पित्याची संपत्ती गेली. हंटर कॉलेजात मुलींना विनाशुल्क शिक्षण मिळे, म्हणूनच त्या १९३७ साली पदवीधर होऊ शकल्या. पुढे मात्र प्रयोगशाळांची दारे बंद! तरुण स्त्री आल्यास पुरुषांचे चित्त विचलित होईल, असेही त्यांना ऐकविण्यात आले. दिवसा शाळेत शिकवावे आणि रात्री संशोधन करावे, असा क्रम ठेवून त्यांनी १९४१ साली एम. एस्‌सी. पदवी मिळविली. महायुद्धामुळे पुरुषांची उणीव भासू लागली, तेव्हा कोठे संधी आली. १९४४ साली त्या बरोज वेलकम कंपनीत रुजू झाल्या. डॉक्टरेटचा अभ्यास नोकरीपायी अपुरा राहिला, तरी १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत, आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. माता, पत्नी वा भगिनी यांचा हा त्याग आपण सहज स्वीकारतो. परंतु तीच कन्या बी. एस्‌सी. होऊन पुढील संशोधनाची इच्छा बोलून दाखविते, तेव्हा ‘आता पुरे, स्थळे पाहावयाची आहेत’ असे म्हणतो. तिचा देह उपयोगी, बुद्धी मात्र अनावश्यक, हा कोठला न्याय?

आमची मंडळास नम्र विनंती अशी की, शिष्यवृत्तिनिधीचा काही भाग विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मुलींकरिता राखून ठेवावा. आणि पालकांस एवढेच सांगणे की, कन्येस दोन वर्षे अधिक द्यावीत. हंटर कॉलेजाने शुल्क मागितले असते, तर कित्येक रुग्णांच्या प्राणांचे मोल जगाला द्यावे लागले असते.

इत्यलम्.