हिल टॉपचं विरजण

इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलुखात, निअर सॉरे या खेड्यात, हिल टॉप नावाचं सतराव्या शतकातलं शेतघर आहे. जाड दगडी भिंती, वर खडबडीत गिलावा, छपराला स्लेट. पीटर रॅबिटच्या लेखिका बिॲट्रिक्स पॉटर यांचं घर म्हणून जगभरची माणसं ते पाहायला येतात. त्यांनी एक गोष्ट मात्र चुकवू नये. घराच्या वाढीव भागावर 1906 साल कोरलं आहे. या घराचा खरा इतिहास तिथे आहे.

1905 च्या ऑगस्टमध्ये पॉटर यांचे वाग्दत्त वर नॉर्मन वॉर्न वारले. त्याच वर्षी त्यांनी हिल टॉप विकत घेतलं. घरात जॉन कॅनन हे शेतकरी बायकामुलांसह राहत होते. नवी मालकीण लंडनची, शेती ठाऊक नाही. कुणी म्हणेल, घर रिकामं करून घ्यायचं! पॉटर यांनी उलटं केलं. कॅनन कुटुंबासाठी घराला नवा भाग जोडला आणि शेत त्यांच्याच हाती ठेवलं.

आपल्याकडे दही लावताना कालचं दही चमचाभर राखून ठेवतात. लंडनहून आलेली मालकीण म्हणजे नुसतं दूध. कॅनन हे विरजण. विरजण फेकलं तर कितीही चांगलं दूध नासणारच. आणि विरजण लागायला ऊब लागते, भांडं सारखं हलवून चालत नाही. पॉटर यांनी ती सवड दिली. मेंढ्या, डुकरं, गाई वाढल्या. पॉटर यांच्या 1908 च्या ‘जेमायमा पडल-डक’ या पुस्तकाच्या चित्रांत कॅननबाई आहेत, आणि पुस्तक अर्पण केलंय ते त्यांच्या मुलांना.

पुन्हा सांगायला हवं: कागदावर मालक बदलला, चूल विझली नाही. जुनी घरं विकत घेणाऱ्यांनी, ‘दुरुस्ती’ म्हणून आधी राहती माणसं हलवणाऱ्यांनी, हे ऐकावं. कोनाडे जपता, मग त्यांत दिवा लावणारी माणसं का नकोत?

1913 मध्ये पॉटर यांनी वकील विल्यम हीलिस यांच्याशी लग्न केलं आणि जवळच्याच कॅसल कॉटेजमध्ये संसार थाटला. हिल टॉप लिहिण्यासाठी, पाहुण्यांसाठी राहिलं. 1943 मध्ये त्या गेल्या, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली.  आपल्या डोंगरी शेतांवर तिथल्या हर्डविक मेंढ्यांचीच अस्सल जात पाळत राहावी, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.