दारातला पानओवा
(बीड जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापूस-सोयाबीनवर नव्हे, दारातल्या एका कुंडीवर बोलणार आहे. जाड, लवदार पानांचा, ओव्यासारख्या वासाचा पानओवा आपल्यापैकी अनेकांकडे असतो. पावसाळ्यात तो सडून जातो, ही तक्रारही नेहमीचीच.

मसाल्यातला ओवा वेगळा. पानओवा तुळशीच्या कुळातला. शास्त्रीय नाव कोलियस अँबोइनिकस. ओव्यातले थायमॉल व त्याच्या जवळचे कार्व्हाक्रॉल ही द्रव्ये याच्या पानात असतात, म्हणून वास सारखा. पानफुटीशी मात्र गल्लत करू नये. तिच्या पानाच्या कडेला रोपे फुटतात, ओव्याचा वास येत नाही, आणि ती खाल्ल्यास जनावरांना विषबाधा होते. पान चुरगळून वास घ्यावा, मगच वापरावे.

हे झाड पानात आणि खोडात पाणी साठवते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. कापसाला तो गुण, याला घात. मुळांना हवा मिळत नाही, बुंधा काळा पडून मऊ होतो आणि पाने मान टाकतात. आपल्याला वाटते तहान लागली, म्हणून आणखी तांब्याभर पाणी! माझे पहिले झाड मी असेच मारले. असे दिसताच वरचा निरोगी शेंडा कापून नवीन लावावा. बुंधा वाचत नाही.

लागवडीसाठी चार-पाच इंचाची, डोळे असलेली फांदी घ्यावी. खालची पाने काढून ती अर्धा दिवस सावलीत सुकू द्यावी. फुटका माठ किंवा तेलाचा डबा चालेल, पण बुडाला भोके हवीत. भोकावर खापर ठेवून माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग भरावे. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. बोट इंचभर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली, पावसाळ्यात वळचणीपासून दूर जागा. शेंडे खुडत राहिल्यास झाड दाट होते. पिठ्या ढेकूण आल्यास ओल्या फडक्याने पुसावा. खायच्या पानांवर कीटकनाशक नको.

बेसनात बुडवून केलेली याची भजी मुले आवडीने खातात. खोकल्यावर पानाचा रस देण्याची घरोघरी रीत आहे. पण एक वर्षाखालील बाळाला तो मधातून देऊ नये, मध त्या वयात धोक्याचा. आणि मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर पानावर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. उसाच्या फडावर, कोपीत राहणाऱ्या आयांना हे मुद्दाम सांगतो.

दिवाळीच्या सुमारास तोडीला निघताना कुंडी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे सोपवा, आणि रोज पाणी घालू नका, एवढे सांगून जा. दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत न्या. कोपीच्या दाराशी डब्यात लागतील.