सायकलच्या वाटेसाठी खिशात हात घालावा का?



मे महिन्यात या पटांगणावर गीतेवर बोललं जातं, राज्यघटनेवर बोललं जातं, शेअर बाजारावरही बोललं जातं. त्या पंगतीत ‘सायकल ट्रॅकच्या देखभालीला देणगी द्यावी का’ हा विषय जरा अंग चोरूनच बसणार. पण विषय शेवटी पैशाचा आहे, आणि पैशाच्या विषयावर नाशिककर मध्येच उठून जात नाही, एवढा भरवसा मला आहे.

समजा, उद्या एखादी संस्था तुमच्या दारी आली. म्हणाली, शहरातले सायकल मार्ग आम्ही झाडतो, दुरुस्त करतो, त्यांवर लक्ष ठेवतो; महिन्याला ५०० रुपये द्या. द्याल का? बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघेल ते असं: ‘मग महापालिका काय करते? घरपट्टी कशासाठी भरतो आम्ही?’

हे वाक्य मी उडवून लावणार नाही, कारण त्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९चा. त्याच्या कलम ६३मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणं, सुस्थितीत ठेवणं, झाडणं, त्यांवर दिवे लावणं ही सगळी त्यात आहेत. सवड झाली तर करा, असं तिथे लिहिलेलं नाही. मग जे काम करणं महापालिकेवर बंधनकारक आहे, त्यासाठी आपण वेगळी वर्गणी का काढायची?

त्याआधी या वाटेवर चालतं कोण, ते पाहू. नाशिकमध्ये सायकलवाल्यांचे दोन गट आहेत. पहिला गट पहाटे हेल्मेट घालून त्र्यंबकच्या दिशेला निघतो. या गटाच्या खात्यावर शहराने मिरवावं असं बरंच जमा आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या डॉक्टर बंधूंनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने पुरी केली; एकट्याच्या गटात ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. नाशिक ते पंढरपूर सायकलवारी २०१२पासूनची. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनमुळे सायकल ही इथे एक चळवळ झाली, हे मान्य करायला हवं.

दुसरा गट हॅंडलला डबा अडकवून सातपूरला, अंबडला पहिल्या पाळीसाठी निघतो. त्याच्या नावावर कुठली पदकं नाहीत. पहिल्या गटातल्या माणसाला रस्ता खराब वाटला तर तो त्या दिवशी मोटार काढतो. दुसऱ्याकडे दुसरं वाहनच नसतं. आता देणगी कोण देणार? पहिला गट. आणि देणगीचा पैसा, कुणी कितीही सद्हेतूने दिला तरी, देणाऱ्याच्या पायाखालच्या रस्त्याकडे वळतो. गंगापूर रोडवरची पट्टी चकाचक होईल आणि अंबड लिंक रोडवरचा कामगार पूर्वीसारखाच ट्रकला अंग चोरत जाईल. देणगीवर माझा पहिला आक्षेप हा आहे. महापालिकेचा पैसा कसाही खर्च होत असला, तरी तो निदान सगळ्यांचा असतो, आणि अंबडच्या माणसाला त्यावर हक्क सांगता येतो. देणगीवर तो काय हक्क सांगणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रस्त्याच्या प्रत्येक कंत्राटात दोषदायित्वाचा काळ लिहिलेला असतो. त्या मुदतीत पेव्हर ब्लॉक उखडले, रंग उडाला, चेंबरचं झाकण खचलं, तर कंत्राटदाराने ते स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं. अशा वेळी एखादी उत्साही संस्था वर्गणी काढून, श्रमदान करून ते ब्लॉक बसवून मोकळी झाली, तर फायदा कुणाचा झाला? आपण फोटो काढून घेतले आणि कंत्राटदाराचा खर्च वाचवला. देखभालीच्या नावाने होणाऱ्या श्रमदानाआधी एक कागद बघण्याची शिस्त हवी: या रस्त्याची मुदत कधी संपते? माहितीच्या अधिकारात हा प्रश्न विचारायला १० रुपये लागतात. ५०० रुपयांच्या देणगीपेक्षा हे १० रुपये कित्येकदा जास्त काम करतात.

आणि देखभाल म्हणजे तरी काय? त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा आपला स्मार्ट रोड घ्या, अवघा १.१ किलोमीटरचा. रस्ता करताना सायकलसाठी वेगळी जागा ठेवली, हे चांगलंच झालं. पण सायकलची पट्टी हा मोटारीच्या रस्त्यापेक्षा नाजूक प्रकार आहे. मोटारींच्या चाकांनी रस्ता आपोआप साफ होत राहतो. खडी, काच, कचरा कडेला उडतो. तो उडून पडतो कुठे? सायकलच्या पट्टीत. बाभळीचा एक काटा ट्रकला कळतही नाही, सायकलवाल्याचा मात्र कामावर खाडा होतो. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं. पावसाच्या पाण्याच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने समांतर बसवल्या, तर सायकलचं बारीक चाक त्यात अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. आडव्या बसवल्या की काही होत नाही. जाळी तीच, खर्च तोच, फक्त बसवणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. आणि रिकामी पट्टी दिसली की तिथे दुचाकी उभी राहते, तिच्यामागे हातगाडी, तिच्यामागे चारचाकी. हातगाडीवाल्यावर माझा राग नाही. त्याला दुसरी जागा कुणी दिलीच नाही. पट्टी मोकळी ठेवणं हे झाडूचं काम नव्हे, तो रोजचा पाठपुरावा आहे. फीत कापायला सगळे येतात. पाठपुराव्याला कोण येतो? २०१८च्या सुमारास इथे भाड्याच्या सायकलींची योजना आली तेव्हा शहरभर स्टॅंड झळकले. थोड्या काळात ती योजना बंद पडली.

आता देणगीवर सायकल मार्ग सांभाळण्याचा प्रयोग ज्यांनी खरोखर केला त्यांच्याकडे वळू. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात १९७७मध्ये काही सायकलवाल्यांनी एक संस्था काढली. पुढे तिचं नाव ‘सस्ट्रान्स’ झालं आणि २०२५मध्ये ‘वॉक व्हील सायकल ट्रस्ट’. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधला एक रेल्वेमार्ग बंद पडला होता. या लोकांनी त्या मोकळ्या जागेवर, बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या हातांनी, सुमारे २१ किलोमीटरची वाट बांधली. १९९५मध्ये त्यांना राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून ४ कोटी २५ लाख पौंड मंजूर झाले आणि देशभर सायकल मार्गांचं जाळं उभं राहिलं. हजारो लोक या संस्थेला दरमहा देणगी देतात आणि हजारो स्वयंसेवक झाडंझुडपं छाटतात, पाट्या पुसतात.

इथवर सगळं आनंदाचं. पण २०१८मध्ये संस्थेने स्वतःच्याच जाळ्याची तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मे मार्ग खराब किंवा अति खराब निघाले. कसोटी साधी होती: १२ वर्षांचं समंजस मूल इथून एकटं जाऊ शकेल का? २०२०मध्ये त्यांनी जाळ्याचा जवळपास चौथा हिस्सा स्वतःहून वगळला किंवा त्याचा दर्जा उतरवला, कारण ते तुकडे गजबजलेल्या वाहतुकीच्या रस्त्यांवर होते. जाळं त्यांच्या नावाचं असलं, तरी मालकीचा भाग अगदी थोडा. बाकी जमीन नगर परिषदांची, कालव्यांची, खासगी मालकांची. देणगीतून झुडूप छाटता येतं. भरधाव रस्त्याला स्वतंत्र सायकल मार्ग जोडायचा तर सरकारच लागतं. अमेरिकेत तर याच्याही आधी, १८९०च्या दशकात, सायकलवाल्यांनी वर्गणी काढून रस्त्याकडेच्या वाटा बांधल्या होत्या. न देणारेही त्याच वाटेने जाऊ लागले, वर्गणी आटली. न्यूयॉर्क राज्याने १८९९मध्ये कायदा करून सायकलला परवाना-शुल्क लावलं, पण मोटारी आल्या आणि त्या वाटा विरून गेल्या.

मग देणगी निरर्थक आहे का? नाही. ब्रिस्टलवाल्यांनी एक मोलाची गोष्ट केली: बंद पडलेली रेल्वेची जागा तुकडे होऊन विकली जाण्याआधी हेरली आणि धरून ठेवली. आपल्याकडेही अशी जागा होती, हे फार थोड्यांना आठवतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नाशिकरोड स्टेशन ते मेन रोड अशी घोड्यांची ट्राम चालत असे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाली. तिचा मार्ग कुणी सांभाळला नाही. आज गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावच्या अंगाने जातो. पाटाच्या कडेची वाट जलसंपदा खात्याची, वस्ती महापालिकेची, शेतं शेतकऱ्यांची. अशा ठिकाणी पाहणी करणं, नकाशा काढणं, तीन दारांशी खेटे घालणं हे काम कुणाच्याच पगारात बसत नाही. देणगी लागते ती इथे.

आपण बसलो आहोत ते पटांगण यशवंतराव महाराजांच्या नावाचं. सटाण्याचे मामलेदार असताना १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी आधी स्वतःजवळचं वाटलं आणि ते पुरेना तेव्हा सरकारी खजिना लोकांसाठी उघडला, म्हणून लोकांनी त्यांना देव मामलेदार केलं.  मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. स्वतःचं देणं ही सुरुवात होती; दुष्काळ निभावायचा तर खजिनाच उघडावा लागतो, हे त्या अधिकाऱ्याला कळलं होतं. आपल्या ५०० रुपयांनी सायकल मार्ग टिकणार नाही. ज्या ५०० रुपयांमुळे महापालिकेच्या अंदाजपत्रकात देखभालीची स्वतंत्र तरतूद येते आणि ती खर्ची पडते, ते मात्र सार्थकी लागले.

तेव्हा माझं मत सरळ सांगतो. नवा ट्रॅक बांधायला, ब्लॉक बसवायला, रंग मारायला एक पैसा देऊ नका. त्याचे पैसे आपण घरपट्टीतून दिलेले आहेत. पाहणी, पाठपुरावा, माहिती अधिकाराचे अर्ज, खड्ड्यांच्या आणि जाळ्यांच्या नोंदी, आणि हे सगळं वर्षभर नेटाने करणारा एखादा पगारी माणूस यांसाठी जरूर द्या. यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. अशा कामाचा फोटो निघत नाही. पाट्या, टी-शर्ट आणि रॅलीला प्रायोजक लगेच मिळतो. अर्ज लिहिणाऱ्याच्या पगाराला मिळत नाही. म्हणूनच सामान्य देणगीदाराने तिथे द्यावं.

देताना करसवलतीवर फार भिस्त ठेवू नका. ८०जी म्हणून आपण ओळखतो ती वजावट सर्वसाधारण संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत राहिलात तर. आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरलीच जात नाही. संस्थेला मात्र तीन गोष्टी तोंडावर विचारा. महापालिकेशी तुमचा लेखी करार आहे का? गेल्या वर्षी तुमच्या पाठपुराव्याने महापालिकेने किती मीटर मार्ग दुरुस्त केला? आणि सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर तुमचा माणूस कधी गेला होता? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या. संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. ते मागून घ्या. मागितल्याचा राग येणाऱ्या संस्थेला देणगी देऊ नये.

आणि एक काम देणगीच्या आधीचं. मृगाचा पाऊस आता तोंडावर आहे. आपापल्या प्रभागातल्या सायकल पट्टीवरून एकदा जा, समांतर बसवलेली जाळी कुठे आहे ते टिपा, आणि ती आडवी करून बसवावी असा अर्ज विभागीय कार्यालयात पोच घेऊन द्या. त्याला पैसे लागत नाहीत.